चौऱ्याऐंशीतल्या बेचाळीस

माझ्या पीसीवर 'सायबरपंक २०७७' चालू असतो तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा ८४च्या आसपास असतो. सेकंदाला ८४ फ्रेम्स, म्हणजे ८४ चित्रं. आरटीएक्स ४०६०सारख्या मधल्या फळीतल्या कार्डावर, रे ट्रेसिंग चालू ठेवून, हा आकडा चांगलाच म्हणायचा. फक्त त्यातल्या निम्म्या, म्हणजे ४२ फ्रेम्स, गेमने काढलेल्याच नसतात. कार्डावरचं एक न्यूरल नेटवर्क त्या दोन फ्रेम्सच्या मधे भरतं. ही भरती बंद केली की आकडा ४८वर येतो. म्हणजे गेम स्वतः सेकंदाला ४८ फ्रेम्स काढू शकत होता, पण मधल्या फ्रेम्स भरायलाही कार्डाची ताकद लागते, म्हणून ८४ दिसावेत यासाठी तो आता ४२च काढतो.

आकडा वाढला आणि गेम हळू झाला. याला सुधारणा म्हणायचं का? आणि म्हणायचं नसेल, तर इथे कुणी कुणाला फसवतंय का?

गेमर लोकांकडे याचं उत्तर तयार आहे. ते या भरतीच्या फ्रेम्सना 'फेक फ्रेम्स' म्हणतात आणि विषय संपवतात. मला हा शब्द पटत नाही. राग पटतो.

आधी एक फ्रेम म्हणजे काय ते बघू. तुम्ही माउस हलवला, बटण दाबलं. गेम ते वाचतो. त्यानुसार जग एक पाऊल पुढे सरकवतो: गाड्या, माणसं, गोळ्या. मग प्रोसेसर 'हे हे काढ' अशी यादी ग्राफिक्स कार्डाला देतो आणि कार्ड चित्र रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर हे सगळं १६.७ मिलिसेकंदांत उरकायचं. सायबरपंकमध्ये ते जड जातं, कारण नाइट सिटी म्हणजे निऑनचे दिवे, ओले रस्ते आणि काचा. २०२३मध्ये त्यात पाथ ट्रेसिंग आलं. त्यात प्रकाशाचे किरण कुठून कुठे उसळी मारतात याचा हिशोब प्रत्येक फ्रेमला करावा लागतो. भलीभली कार्डं तिथे गुडघ्यावर येतात.

यावर एनव्हिडियाने २०२२मध्ये, ४० मालिकेच्या कार्डांबरोबर, फ्रेम जनरेशन आणलं. कल्पना सोपी आहे. गेमने पहिली फ्रेम काढली, दुसरी काढली; आता त्या दोघींकडे बघून मधली कशी असेल ते ठरवायचं. पण मधली ठरवायची तर दुसरी आधी तयार हवी. म्हणजे दुसरी फ्रेम तयार असूनही ती तुमच्यापासून थोडा वेळ रोखून ठेवायची, आधी मधली दाखवायची आणि मग खरी. सेकंदाला ४२ फ्रेम्स असतील तर दोन खऱ्या फ्रेम्समध्ये साधारण २४ मिलिसेकंद जातात. त्यात हे रोखणं वाढतं. एनव्हिडिया रिफ्लेक्स नावाची युक्ती वापरून रांगेतला वेळ कमी करते, त्यामुळे ते सुसह्य होतं. तरी हाताला कळतं. चित्र लोण्यासारखं सरकत असतं आणि माउस मात्र कुणीतरी हलकेच धरून ठेवल्यासारखा वाटतो.

मग 'फेक' शब्दात काय वाईट आहे? हेच, की फेक नसलेली फ्रेम मला कुठे सापडत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो, आणि जुन्या प्रोजेक्टरमधली पाती तेच चित्र दोन-तीनदा झाकून-उघडून दाखवायची, म्हणजे डोळ्याला लुकलुक जाणवू नये. त्या फिल्मला कुणी फेक म्हटलं नाही. गेम्स तर पहिल्यापासून चलाखीवरच चालतात. १९९०च्या 'कमांडर कीन'साठी जॉन कारमॅकने जी युक्ती काढली ती हीच, की स्क्रीनवरचं जेवढं बदललं तेवढंच पुन्हा काढायचं. तुमच्या पाठीमागचं बरंचसं जग गेम रंगवतच नाही. लांबची इमारत म्हणजे चार भिंतींचं खोकं असतं. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग बंद केलंत तर डबक्यातलं प्रतिबिंब स्क्रीनवर जे आहे त्याचीच नक्कल असते. मान खाली घातली, पाटी स्क्रीनबाहेर गेली, की डबक्यातूनही ती गायब. आरसा तर तिथे बटण दाबून चालू करावा लागतो. या सगळ्याला आपण 'ऑप्टिमायझेशन' म्हणतो आणि ते करणाऱ्याचं कौतुक करतो. मग ही एकच चलाखी का खुपावी?

मला वाटतं याचं उत्तर व्हीआर हेडसेटमध्ये आहे. तिथे डोकं हलवल्यावर चित्र उशिरा हललं तर पोटात ढवळतं. म्हणून कारमॅकने २०१३च्या आसपास एक उपाय मांडला, टाइमवार्प. गेमची पुढची फ्रेम वेळेत आली नाही तर जुनीच फ्रेम घ्यायची, पण तुमचं डोकं या क्षणी कुठे आहे ते वाचून तिला तेवढं वळवायचं आणि दाखवायची. काटेकोर अर्थाने ही फ्रेमही फेकच. गेमने ती काढलेली नाही, तिच्यात गाड्या पुढे सरकलेल्या नाहीत. पण तिने तुमच्या हालचालीला उत्तर दिलं. सायबरपंकमधली माझी मधली फ्रेम मात्र कितीही सुंदर असली तरी तिला माझा ताजा क्लिक माहीतच नसतो. ती घडून गेलेल्या दोन गोष्टींच्या मधली आहे.

माझा एक मित्र पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. करतोय. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, अरे, धर्मकीर्ती वाच. सातव्या शतकातला हा बौद्ध तार्किक खरेपणाची कसोटी फार व्यवहारी ठेवतो: जे काही काम करून दाखवू शकतं ते खरं. तो याला अर्थक्रिया म्हणतो. मृगजळाने तहान भागत नाही. मला ही कसोटी आवडली, कारण ती माझ्या धंद्यातली वाटते. तैनात केलेला कोड चालतो की नाही, एवढंच शेवटी बघतात. पण लावून बघितली आणि प्रश्न सुटायच्या ऐवजी दोन झाले. मधली फ्रेम काम करतेच की. डोळ्याला गती गुळगुळीत दिसते, हे खरं काम आहे. ती बोटाचं काम करत नाही, एवढंच. म्हणजे एकच फ्रेम डोळ्यासाठी खरी आणि बोटासाठी खोटी. मित्र म्हणाला, धर्मकीर्तीला हे चाललं असतं का ते सरांना विचारतो. अजून विचारलेलं नाही.

पण माझ्यापुरतं एवढं पुरलं. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये मी भरती बिनदिक्कत चालू ठेवतो. तिथे बहुतेक वेळा प्रोसेसर दमलेला असतो, आणि ही भरती प्रोसेसरला विचारत नाही, त्यामुळे फायदा दणदणीत होतो. विमान ढगांतून जातंय, मला फक्त बघायचंय. डोळ्याचं काम आहे, डोळ्याला मिळालं. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. गडबड होते ती दोन्ही कामं एकाच आकड्यात ओतली की.

एफपीएस हा आकडा मोठा झाला तो विश्वासावर. वर्षानुवर्षं त्याचा अर्थ एकत्रच यायचा: जास्त फ्रेम्स म्हणजे चित्र गुळगुळीत आणि हात हलका. दोन्ही एकदम वाढायचं, म्हणून एक आकडा पुरायचा. आता ते दोन वाटांनी जातात आणि आकडा मात्र जुनीच पत घेऊन फिरतो. जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या सीईएसमध्ये एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग मंचावरून म्हणाले, की ५४९ डॉलर्सचं आरटीएक्स ५०७० आधीच्या पिढीतल्या ४०९०एवढी कामगिरी देईल. एआयशिवाय हे शक्य नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. मागे होतं डीएलएसएस ४, ज्यात एका खऱ्या फ्रेममागे तीन भरता येतात. वर त्या खऱ्या फ्रेमचेही चारांतले तीन पिक्सेल एआयने मोठे करून घेतलेले असू शकतात. चारातला एक, त्याच्या चारातला एक. सोळा पिक्सेलांमागे एक गेमने काढलेला. कंपनी हे लपवत नाही, उलट अभिमानाने सांगते. त्यामुळे 'खोटं बोलले' असं मी म्हणणार नाही. त्यांनी 'कामगिरी' या शब्दाचा अर्थ बदलला आणि किंमत जुन्या अर्थाची लावली.

मला जास्त खटकतं ते पुढचं. फेब्रुवारी २०२५मध्ये 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' आला. त्याच्या शिफारस केलेल्या पीसीच्या यादीत लिहिलं होतं: १०८०पी, मध्यम सेटिंग, ६० फ्रेम्स, फ्रेम जनरेशन चालू धरून. म्हणजे जी गोष्ट वरचा मसाला म्हणून आली होती ती डाळीतच धरली गेली. ६०तल्या ३०च गेमच्या. आणि एएमडी स्वतःच्या फ्रेम जनरेशनबद्दल सांगते, की भरतीआधी निदान ६० फ्रेम्स हव्यात, नाहीतर मजा नाही. ते बरोबरच आहे. खऱ्या फ्रेम्स जितक्या कमी, तितकं दोन फ्रेम्समधलं अंतर मोठं, अंदाज चुकायची शक्यता जास्त आणि हाताचा उशीरही जास्त. म्हणून हे औषध धडधाकट माणसाला छान लागू पडतं. ज्याचं कार्ड मुळात १२० देतं त्याला २००च्या पुढे नेतं, तेही चव न बिघडवता. ज्याचं २८ देतं त्याला ५० दाखवतं आणि खेळ मात्र २८पेक्षाही जड करून देतं. आकडा दोघांचाही वाढतो. सुधारणा एकाचीच होते. आणि दुसऱ्याचीच संख्या इथे मोठी आहे. पहिल्या पगारातून कार्ड घेणारे, भावाचा जुना पीसी चालवणारे, लॅपटॉपला खालून कूलिंग पॅड लावून बसणारे.

हे सगळं गेमपुरतं असतं तर मी सेटिंग बंद करून झोपलो असतो. पण माझी नोकरीही भरतीचीच आहे. मी एका डिलिव्हरी ॲपच्या नकाशावर काम करतो. रायडरचा फोन दर काही सेकंदांनी आपलं ठिकाण पाठवतो. मधल्या वेळात नकाशावरची ती छोटी स्कूटर उड्या मारू नये म्हणून आम्ही ती सरकवत नेतो. दोन ठिकाणं हातात आल्यावर मधला रस्ता भरला, तर ते माझ्या ४२ फ्रेम्ससारखंच: थोडं उशिराचं, पण खऱ्याच्या आसपास. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण पुढचं ठिकाण आलंच नाही, तर स्कूटर अंदाजाने रस्त्यावरून पुढे सरकत राहते. रायडर सिग्नलला अडकलेला असतो, त्याचं नेटवर्क गेलेलं असतं, आणि नकाशावर तो सोसायटीच्या गेटपाशी पोचलेला असतो. मग त्याला फोन जातो: "गेटवर दिसताय, वर का येत नाही?" तो म्हणतो, "साहेब, मी अजून चौकात आहे." बघा, यातला कोण खोटारडा वाटतो. भरलेल्या फ्रेम्सचा खर्च इथे एका माणसाच्या रेटिंगमधून वसूल होतो.

मी टीममध्ये सुचवलं, की वीस सेकंद ठिकाण आलं नाही तर स्कूटर थांबवा आणि खाली लिहा, 'वीस सेकंदांपूर्वी इथे'. उत्तर मिळालं, ॲप अडकल्यासारखं वाटतं. वाटतंच, कारण त्या क्षणी ते अडकलेलंच असतं. सध्या एका भागात चाचणी चालू आहे, आणि ग्राहक त्या थांबलेल्या स्कूटरवर वैतागतात, हेही आकड्यांत दिसतंय. लोकांना गुळगुळीत आवडतं. मलाही आवडतं, नाहीतर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये भरती चालू ठेवली नसती. म्हणून 'लोकांना खरं हवं असतं' असला युक्तिवाद मी मीटिंगमध्ये करत नाही. मी एवढंच विचारतो, की भरलेल्या जागेवर विसंबून कुणी काही करणार आहे का? ढगांकडे बघणारा काही करत नाही. गोळी झाडणारा करतो. रायडरला फोन लावणारा करतो. कार्डासाठी पैसे मोजणाराही करतो.

गेल्या महिन्यात नाशिकहून मावसभावाचा फोन आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन वर्षं पैसे साठवतोय.

"दादा, या कार्डावर सायबरपंक दोनशे एफपीएस देतो असं लिहिलंय. घेऊ?"

"भरती बंद करून किती देतो ते विचार."

"ते कुठे लिहिलेलंच नाहीये."

मग आम्ही तासभर त्याच्या जुन्या जीटीएक्स १६५०वर बसलो, तो तिकडे आणि मी फोनवर. धुकं कमी केलं. स्क्रीन स्पेस प्रतिबिंबं कमी केली; ती दिसतात त्याच्या कितीतरी पट खातात. प्रोसेसरही जुना आहे, म्हणून गर्दीची घनता खाली आणली. त्यावर तो जरा थांबला.

"म्हणजे शहरातली माणसं कमी करायची?"

"हो."

केली. ३१चे ३८ झाले. कार्ड त्याने अजून घेतलेलं नाही.