हाताची सवय आणि पडद्याचे नवे रूप

यंत्र बदलले की माणसाने सवय बदलावी, हे आपण इतके गृहीत धरले आहे की त्यात न्याय-अन्यायाचा काही प्रश्न असेल असे कुणाच्या मनात येत नाही. आम्हांस मात्र तो आहे असे वाटते.

सावंगी (मेघे) हे वर्ध्याला लागून असलेले गाव. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि शेतीच्या या मुलखात टेबलावरची नोकरी दाराशी आली. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा चाळिशी ओलांडलेले कारकूनही आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसले. पडद्याच्या माथ्यावर फाइल, एडिट, इन्सर्ट अशी नावांची ओळ आणि प्रत्येक नावाखाली आज्ञांची यादी. वहीत उतरवून, घोकून त्यांनी ती वाट हातात बसवली. पुढे ऑफिस २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्ड आणि एक्सेलमधली ती ओळच काढून तेथे चित्रांची रुंद पट्टी, म्हणजे 'रिबन', आणली. कळफलक तोच होता, पत्रही तेच होते. हात सवयीने जाई तेथे मात्र काही नव्हते.

बदल करणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. वर्डमधील आज्ञा वाढत वाढत दीड हजारांवर गेल्या होत्या. लोक मागत त्यांतील पुष्कळ सोयी आत आधीपासूनच होत्या, फक्त सापडत नव्हत्या. इंग्रजी जेमतेम वाचणाऱ्या नवख्या मुलीला चित्रावरून वाट सापडते, हे आम्ही पाहतो. (जुन्या आल्ट-कळींच्या कित्येक जोड्याही कंपनीने चालू ठेवल्या होत्या, पण माऊसवर शिकलेल्याला त्यांचा काय उपयोग?) नवख्याची सोय पाहणे ही प्रीतीच होय. परंतु तिची किंमत मोजली ती आधी कष्ट घेतलेल्याने, तीही त्याला न विचारता. हातातले कौशल्य ही गरिबाची मिळकत असते. पन्नाशीचा कारकून साहेबांसमोर एका आज्ञेसाठी पडदाभर धुंडाळतो, तेव्हा वेळेबरोबर त्याची अब्रूही जाते.

येथून जवळच सेवाग्राम आहे. गांधीजी यंत्रांचे सरसकट वैरी होते हा समज खरा नव्हे. सिंगरचे शिवणयंत्र त्यांनी १९२४ साली अपवाद मानले. पत्नीचे कंटाळवाणे टाके वाचावेत या प्रेमापोटी ते घडले, असे ते म्हणत. श्रम कुणाचे वाचले, असे त्यांनी पाहिले. रिबनलाही आम्ही हेच विचारू.

ख्रिस्तसभेने याहून मोठा बदल अनुभवला आहे. व्हॅटिकन परिषदेनंतर नवा मिस्साग्रंथ आला, प्रार्थना आपल्या भाषेत आली आणि कोट्यवधींना ती प्रथमच उमजली. जुन्या विधीत मुरलेले काही मात्र दुखावले. योगायोगाने २००७ सालीच पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या लॅटिन मिस्साला अधिक मोकळीक दिली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली, कारण दोन विधींच्या आडून दोन तट पडताना त्यांना दिसले. म्हणजे जुने दार उघडे ठेवण्यालाही मोल पडते. वेदीभोवती आपण एक समुदाय म्हणून जमतो, तेथे ऐक्यासाठी कुणी सवय सोडावी असे सांगता येते.

कारकुनाच्या पडद्याला हे लागू पडत नाही. तेथे तो एकटाच बसतो. लिब्रेऑफिसने २०१९ साली आपल्याकडेही चित्रांची पट्टी आणली, पण जुनी ओळ काढली नाही. ज्याला जे हवे ते त्याने निवडावे. दोहोंतून निघालेले पत्र वाचणाऱ्याला सारखेच दिसते.