काचेपलीकडचा दरोडा

ज्यांच्याविषयी साक्ष द्यायची वेळ आली की डोळे एक जबानी देतात, बुद्धी दुसरी देते, आणि दोहोंपैकी एकही खोटी ठरवता येत नाही, अशा चित्रपटांत हार्मनी कोरीन या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘स्प्रिंग ब्रेकर्स’ची गणना करावी लागते. २०१२ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखविल्या गेलेल्या या चित्रपटाचे कथानक चार ओळींचे आहे. वसंतातल्या सुटीत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जाऊन यथेच्छ मौज करण्यास पैसे नाहीत, सबब कॉलेजातल्या चार मैत्रिणींपैकी तिघी एक खाणावळ लुटतात. चौघी किनाऱ्यावर पोहोचल्यावर मद्य, मादक द्रव्ये, पोलिसांचा छापा आणि कैद असा क्रम लागतो. आणि एलियन नावाचा, सोन्याने मढविलेल्या दातांचा एक गाणारा गुंड दंड भरून त्यांना सोडवितो, तो आपल्या टोळीयुद्धात त्यांना ओढून नेण्यासाठीच.

बेन्वा देबी या छायाचित्रकाराने पेटविलेले गुलाबी, पिवळे, विषारी हिरवे रंग, मागेपुढे हेलकावे घेणारा काळ, पुन:पुन्हा कानी येणारी तीच ती वाक्ये, आणि दोन दृश्यांच्या सांध्यावर पिस्तुलाचा घोडा ओढल्याचा खटका, यांतून जे निर्माण होते त्याला गोष्ट म्हणण्यापेक्षा रचना म्हणणे युक्त ठरेल. संवाद, विरोध आणि समतोल या समीक्षक मर्ढेकरांच्या लयतत्त्वांचा पडताळा पाहण्यासाठी एखाद्या रसिकाने हा चित्रपट निवडला, तर त्यात मला वावगे वाटणार नाही. न्यायाधीशापुढे त्या मुली पोहण्याच्या तोकड्या वस्त्रांतच उभ्या असतात. अंगावर दुसरे काही घालायला त्यांच्यापाशी नाही, आणि त्यांच्याविषयी दुसरे काही सांगायला दिग्दर्शकापाशीही नाही.

परंतु हा माणूस निव्वळ उथळ आहे, असा फैसला देऊन मोकळे होता येत नाही. कारण मध्ये दरोड्याचा प्रसंग आहे. पाण्याची पिचकारी-पिस्तुले आणि हातोडा एवढ्या सामग्रीनिशी दोघी आत शिरतात, तिसरी मोटार हाकत असते, आणि कॅमेरा त्या तिसरीपाशी गाडीतच बसून राहतो. गाडी इमारतीला संथपणे वळसा घालते. एकेका खिडकीच्या काचेतून हातोडा उगारलेला दिसतो, माणसे दचकून दबलेली दिसतात, भिंत आड येते, पुन्हा खिडकी येते. आतली किंकाळी मात्र आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यामुळे सगळा प्रकार एखाद्या मूकनाट्यासारखा, किंबहुना गमतीचाच भासतो. पुढे कधीतरी हाच दरोडा आतून दाखविला जातो, आणि तेव्हा शिवीगाळ, फुटणारी भांडी व गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरची खरीखुरी दहशत पाहताना, मघाशी आपण काचेआडून काय मजेत पाहत होतो, हे ध्यानी येऊन प्रेक्षक वरमतो. गुन्हा मौजेसारखा दिसतो तो केवळ अंतरामुळे, हे ज्याला एका वळशात दाखविता आले, त्याच्या जाणतेपणाविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल.

माझी तक्रार नेमकी येथून सुरू होते. चौघींपैकी एक भयाने आणि दुसरी दंडात गोळी लागल्यामुळे घरी परतल्यावर, उरलेल्या दोघी एलियनबरोबर रात्री नावेने प्रतिस्पर्ध्याच्या बंगल्यावर चाल करून जातात. एलियन पहिल्याच गोळीला पडतो. चकाकत्या पिवळ्या वस्त्रांतल्या आणि गुलाबी बुरख्यांतल्या या दोघी मात्र ओरखडाही न उठता पहारेकऱ्यांना एकामागून एक लोळवितात, त्यांच्या म्होरक्याला ठार करतात आणि त्याच्याच उंची मोटारीतून निघून जातात. मरणारे कृष्णवर्णीय आहेत, मारणाऱ्या गोऱ्या आहेत, आणि या वेळी काचेपलीकडे जाऊन कोणी पाहत नाही. खाणावळीतल्या गिऱ्हाइकांना जी दुसरी फेरी मिळाली ती या मृतांच्या वाट्याला येत नाही. त्यांचा पंचनामादेखील नाही.

हा सारा उपहास आहे, असे समर्थन यावर केले जाते. डिस्नेच्या पडद्यावर वाढलेल्या सेलेना गोमेझ आणि व्हेनेसा हजेन्स यांना या भूमिका देण्यातच अमेरिकी स्वप्नाची टवाळी आहे, असाही दाखला दिला जातो. टवाळी आहे खरी. परंतु जिची टवाळी करायची ती झगमग इतक्या लाडाने रंगविली आहे, की वकिलाने आरोपीच्याच घरी मुक्काम ठोकावा तसे वाटते.

या उपहासाची ताकद कोठे खरी होती, हेही चित्रपटातच दिसते. फेथ, म्हणजे गोमेझची धार्मिक वृत्तीची मुलगी, आजीशी दूरध्वनीवर बोलताना या किनाऱ्याचे वर्णन तीर्थक्षेत्रासारखे करते, आणि पडद्यावर दारूचा पूर लोटलेला असतो. तेथे काळीज हलते, कारण ती पोर आपल्या शब्दांवर विश्वास ठेवून बोलत असते. अखेरीस, बंगल्यात प्रेते पडत असताना, उरलेल्या मुलींचे आईशी बोलणे ऐकू येते: आता आम्ही चांगले वागू, नीट अभ्यास करू. युक्ती तीच आहे. पण या वेळी बोलणारीचा त्या शब्दांवर विश्वास नाही, दिग्दर्शकाचा नाही आणि ऐकणाऱ्या आपलाही नाही, त्यामुळे ते वाक्य कोणालाच बोचत नाही.