ख्रिस कॉर्नेल: निमित्त आणि पुरावा

ग्रंज संगीतातला सर्वांत समर्थ आवाज ख्रिस कॉर्नेलचा होता, याबद्दल फारसा वाद नाही. मात्र १८ मे २०१७ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, त्याने डेट्रॉइटमध्ये आत्महत्या केली आणि तेव्हापासून त्याच्या गाण्याची चर्चा एकाच मुद्द्यावर येऊन अडकते. त्याच्या गीतांतले काळे दिवस, फास आणि आत्मघात वेचून काढायचे आणि सगळे आधीच लिहून ठेवले होते असे जाहीर करायचे, ही आता रीतच पडली आहे. वरवर सहृदय वाटणारे हे वाचन तपशिलाच्या पहिल्याच कसोटीवर कोसळते.

कॉर्नेलचा जन्म २० जुलै १९६४ रोजी सिएटलमध्ये झाला. मूळ आडनाव बॉयल. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर त्याने आईचे माहेरचे आडनाव लावले. लहानपणी शेजारच्या तळघरात हाती लागलेल्या बीटल्सच्या तबकड्या ऐकण्यात त्याचे दिवसच्या दिवस गेले. शाळा अर्धवट सुटली. पौगंडावस्थेत नैराश्याने त्याला इतके घेरले की घराबाहेर पडणेही जड जाई. पुढे काही काळ त्याने उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम केले. १९८४ साली हिरो यामामोतो आणि केरळी आईवडिलांचा मुलगा किम थायिल यांच्याबरोबर त्याने साउंडगार्डन या बँडची स्थापना केली. सुरुवातीला तो ड्रम वाजवता वाजवताच गात असे.

सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी, फ्लॅनेलचे शर्ट, नव्वदीतली लाट हा इतिहास आता सर्वांना पाठ आहे. सिएटलच्या पावसातून हे संगीत उगवले, हे मत खोडण्याच्याही लायकीचे नाही. ग्रंज म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी केलेली हवा, हा आरोप नंतरच्या नकलाकारांना लागू पडेल. साउंडगार्डन १९८९ सालीच ए अँड एम या मोठ्या कंपनीकडे होते, आणि तेव्हा विकण्यासारखी लाटच आलेली नव्हती.

कॉर्नेलच्या गाण्यात खरा शोक शोधायचा तर तो १९९१ सालच्या ‘टेम्पल ऑफ द डॉग’मध्ये सापडतो. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड हा त्याचा खोलीतला सोबती. मार्च १९९०मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने वुड गेला. त्याच्यासाठी लिहिलेल्या दोन गाण्यांतून हा अख्खा अल्बम उभा राहिला. इथे शोकाला नाव आहे, चेहरा आहे. भविष्यवाणीच्या शोधात निघालेले वाचक मात्र या अल्बमपाशी क्वचितच थांबतात. त्यांना साउंडगार्डनचा ‘सुपरअननोन’ हवा असतो.

मार्च १९९४मध्ये आलेला हा अल्बम थेट बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातल्या दोन गाण्यांना ग्रॅमी मिळाले. त्याचे शेवटचे गाणे ‘लाइक सुइसाइड’ पुरावा म्हणून हमखास पुढे केले जाते. कॉर्नेलने सांगितलेली त्याची हकीकत अशी: तो घरी काम करत असताना एक रॉबिन पक्षीण खिडकीच्या काचेवर आदळली. बाहेर जाऊन पाहिले तर मान मोडलेली, जीव अजून धुगधुगतो आहे. तिचे हाल पाहवेनात म्हणून त्याने विटेने तिला संपवले आणि आत येऊन गाणे पुरे केले. ‘स्पूनमॅन’ची गोष्ट तर याहून अडचणीची. ‘सिंगल्स’ (१९९२) या चित्रपटातल्या काल्पनिक बँडसाठी पर्ल जॅमच्या जेफ अमेंटने गाण्यांची नुसती नावे रचली होती. कॉर्नेलने त्या नावांवरून खरीखुरी गाणी लिहून काढली. दुसऱ्याने दिलेल्या नावावर बेतलेल्या गाण्यात अंतरंगाची कबुली कुठे शोधायची? ‘ब्लॅक होल सन’ हा वृत्तनिवेदकाचे शब्द चुकीचे ऐकू आल्यामुळे सुचलेला शब्दांचा खेळ, असे तो स्वतःच सांगे. ‘प्रिटी नूस’मधला फास म्हणजे आकर्षक वेष्टनात आलेली वाईट कल्पना, हेही त्यानेच सांगितले होते. अखेरच्या मैफलीत त्याने मृत्यूवरचे ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’ गायले, हा तर निर्णायक दाखला समजला जातो. पण ते जुने धार्मिक गीत आहे. ब्लाइंड विली जॉन्सनपासून लेड झेपेलिनपर्यंत अनेकांनी ते गायले. त्या सगळ्यांनी काय निरोप घेतला होता?

कॉर्नेलचे नैराश्य खोटे होते असा याचा अर्थ नाही. त्याबद्दल आणि व्यसनाबद्दल तो स्वतः बोलला आहे, आणि ‘फेल ऑन ब्लॅक डेज’मध्ये अकारण उतरून येणारी खिन्नता आहेच. म्हणूनच निमित्त आणि पुरावा यांत फरक करावा लागतो. आयुष्य गाण्याला निमित्त पुरवते: मेलेला मित्र, मोडक्या मानेचा पक्षी, कोणीतरी रचलेली नावे. गाणे त्याची परतफेड पुराव्याने करत नाही. निमित्तानंतर जे घडते ती कारागिरी असते, आणि कॉर्नेलच्या बाबतीत ती शब्दांपेक्षा लय आणि कंठ यांत अधिक आहे. ‘आउटशाइन्ड’ आणि ‘स्पूनमॅन’ सात मात्रांत चालतात. रूपक तालाची सवय असलेल्या कानाला जे सहज, ते चार मात्रांवर वाढलेल्या रॉकच्या श्रोत्याला सतत ठेच लावते. त्यावर खर्जातून सुरू होऊन तार सप्तकात फाटण्याच्या बेतात येणारा, पण न फाटणारा आवाज. ही अस्वस्थता रचलेली आहे. एवढा ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या गाण्याला नुसता आक्रोश म्हणणे हे न ऐकण्याचे लक्षण आहे.

१९९७मध्ये साउंडगार्डन फुटले. १९९९चा एकल अल्बम हळवा होता आणि उपेक्षित राहिला. रेज अगेन्स्ट द मशीनच्या वादकांबरोबरच्या ऑडिओस्लेव्हने तीन अल्बम काढले आणि २००५ साली हवानात खुली मैफल केली. बाँडपट ‘कॅसिनो रॉयल’चे शीर्षकगीत त्याचेच. टिंबालँडबरोबरच्या ‘स्क्रीम’ची (२००९) यथेच्छ टवाळी झाली, आणि ती बरीचशी रास्तच होती. २०१०मध्ये साउंडगार्डन पुन्हा एकत्र आले. २०१२चा ‘किंग ॲनिमल’ जुन्या ताकदीच्या जवळ जातो.

१७ मे २०१७च्या डेट्रॉइटमधल्या मैफलीनंतर काही तासांतच त्याचा मृत्यू झाला. त्याने २०१६मध्ये ध्वनिमुद्रित केलेला अल्बम २०२०च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्यातले एकही गाणे त्याने लिहिलेले नाही. सगळी इतरांची आहेत.