धाव कोणाची, नाव कोणाचे?

मनुष्याने स्वतःसाठी एखादे ध्येय ठरवावे आणि ते गाठण्यासाठी झटावे, ही गोष्ट आपण सर्वजण स्तुत्य मानतो. परंतु ध्येय गाठले असे नेमके केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. इच्छित फळ हाती आले की ध्येय गाठले, असे पुष्कळांचे उत्तर असेल. गतवर्षापर्यंत माझेही तेच होते. एका मोठ्या शर्यतीच्या निमित्ताने ते उत्तर मला सोडावे लागले. ती हकीगत माझ्या मोठेपणाची नाही. तथापि तिच्यातील प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून येथे मांडीत आहे.

अलीकडे बहुतेक मोठ्या शहरांतून मॅरेथॉन नावाच्या शर्यती भरतात. मुंबईची शर्यत २००४ साली सुरू झाली आणि आता जानेवारीतील तो रविवार त्या शहरात एखाद्या सणासारखा पाळला जातो. पूर्ण शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिकमध्ये ते प्रथम धावले गेले आणि १९२१ साली कायमचे ठरले. ज्यांना तेवढे झेपत नाही त्यांच्यासाठी अर्धे अंतर असते. या शर्यतींचा विशेष असा की, हजारो माणसे एका रस्त्यावर धावत असली तरी पहिले येण्यासाठी धावणारे त्यांत मोजकेच असतात. बाकीच्यांची स्पर्धा स्वतःच्या घड्याळाशी असते. कोणी आजारातून उठलेला असतो, कोणी साठी उलटल्यावर प्रथमच धावत असतो, कोणाला मागील वर्षापेक्षा पाच मिनिटे कमी करावयाची असतात. रस्ता सर्वांचा, आणि ध्येय ज्याचे त्याचे.

माझे ध्येय अर्धे अंतर दोन तासांच्या आत पुरे करावयाचे, हे होते. त्यासाठी प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटे एक्केचाळीस सेकंदांत तोडावा लागतो. दोन वर्षे मी उजाडण्यापूर्वी कमाटी बागेच्या बाजूला धावत असे आणि परत येऊन वडिलांच्या पूजेची तयारी करीत असे. दोनदा प्रयत्न केला. एकदा सात मिनिटांनी चुकलो, एकदा चार. तिसऱ्या वेळी ज्या शहरातील शर्यतीत उतरावेसे वाटत होते, तेथील प्रवेशमूल्य आणि प्रवासखर्च मला परवडण्याजोगा नव्हता.

अशा वेळी एका परिचित गृहस्थांनी एक तोड सुचविली. त्या शर्यतीत त्यांनी आपले नाव नोंदविले होते. पुढे दुसऱ्या एका शर्यतीत प्रवेश मिळण्यासाठी त्यांना दोन तासांच्या आतील वेळेचे प्रमाणपत्र हवे होते आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे ती वेळ त्यांना साधणार नव्हती. त्यांच्या नावाचा क्रमांक लावून मी धावावे, खर्च त्यांचा, असे ठरले. ते म्हणाले, "तुझे धावणे होईल, माझे काम होईल. कोणाचे काय बिघडते?" मला उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर मी ते शोधलेही नाही.

शर्यतीच्या दिवशी हवा थंड होती आणि पाय हलके होते. छातीवरील कापडावर क्रमांकासोबत धावणाऱ्याचे नावही छापलेले असते. कडेला उभे असलेले लोक ते वाचून हाका मारतात. लहान मुले, म्हाताऱ्या बायका, बंदोबस्तावरील शिपाईसुद्धा त्या नावाने मला शाबासकी देत होते. प्रथम गंमत वाटली. दहाव्या किलोमीटरनंतर मात्र ते नाव ऐकू आले की मी मान खाली घालू लागलो.

सतराव्या किलोमीटरपाशी माझ्या पुढचा एक तरुण रस्त्यावर कोसळला. स्वयंसेवक धावले. एकाने त्याच्या छातीवरील क्रमांक उलटा केला आणि मागे लिहिलेला रक्तगट व घरचा दूरध्वनी क्रमांक मोठ्याने वाचला. तेवढ्यात त्याला शुद्धही आली. मी थांबलो नव्हतो, परंतु ते शब्द माझ्याबरोबर धावू लागले. माझ्या क्रमांकामागे दुसऱ्याचा रक्तगट होता. मी कोसळलो असतो तर निरोप दुसऱ्याच्या पत्नीला गेला असता आणि माझी आई येथे दुपारच्या स्वयंपाकाला लागली असती. त्या हजारो माणसांत कोणालाही ठाऊक नसलेला असा मी एकटाच धावत होतो.

शर्यत मी एक तास सत्तावन्न मिनिटांत पुरी केली. क्रमांकाला जोडलेल्या चिपेवरून वेळ आपोआप नोंदली जाते. सायंकाळी त्या गृहस्थांनी प्रमाणपत्राची प्रत माझ्या फोनवर पाठविली व आभार मानले. दोन वर्षे ज्या आकड्यासाठी मी झटलो तो आकडा माझ्या हातात होता आणि त्याच्या वर दुसऱ्याचे नाव होते. ही वेळ माझी, असे मी कोणालाच सांगू शकत नव्हतो.

आठ-दहा दिवसांनी मी वडिलांना सर्व सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "अरे, संकल्प कोणाच्या नावाने सोडला होतास?"

या प्रश्नाचा रोख मला कळला, परंतु मी वाद घातला. म्हणालो, "अण्णा, तुम्हीही नित्य दुसऱ्याच्या नावाने अभिषेक करता. यजमान मुंबईस असतो, पाणी तुम्ही घालता आणि फळ त्याला मिळते. मग मी वेगळे काय केले?"

वडिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी : आमच्या शास्त्रात कर्मे तीन प्रकारची. नित्य म्हणजे जे करावेच लागते, नैमित्तिक म्हणजे जे काही निमित्त घडले म्हणून करावे लागते, आणि काम्य म्हणजे जे मनात इच्छा धरून आपण होऊन आरंभितो. कमलाकरभट्टांच्या 'निर्णयसिंधू'सारख्या निबंधग्रंथांचा निर्णय असा की, पहिल्या दोहोंत प्रतिनिधी चालतो. काम्य कर्मात चालत नाही. म्हाताऱ्या बापाची वारी मुलगा चालवितो ते योग्यच आहे, कारण तो त्या घरचा नेम आहे आणि नेम खंडित होऊ नये. परंतु जी गोष्ट केवळ स्वतःच्या इच्छेने ठरविली, जी न केल्याने कोणताही दोष लागत नाही, ती दुसऱ्याकडून करवून घेण्यात अर्थ तो काय उरला? "त्या गृहस्थांना कोणी धावावयास सांगितले होते काय?" असे वडील म्हणाले.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. "यजमानासाठी अभिषेक करतो तेव्हा त्याचे नाव व गोत्र मी देवापुढे मोठ्याने उच्चारतो. करणारा मी आणि करविणारा तो, हे देवाला माहीत असते, यजमानाला असते, दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही असते. मी यजमान असल्याचे सोंग घेत नाही. तू सोंग घेतलेस."

मला वाटते, या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. प्रतिनिधित्व उघड असते, तोतयेगिरी झाकलेली असते. आणि शर्यतीत तर उघड प्रतिनिधित्वही संभवत नाही, कारण तेथे मोजले जाते ते त्या माणसाचे शरीर आणि त्याचे परिश्रम. दुसऱ्याच्या धावण्याने आपला दम वाढत नाही.

येथे कोणी विचारील की, नाव झाकणे सर्वकाळ पापच काय? इतिहासात एक उदाहरण आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे १८९७ पासून मॅरेथॉन भरते. १९६७ साली कॅथरीन स्वित्झर नावाच्या तरुणीने 'के. व्ही. स्वित्झर' अशी सही करून तेथे २६१ हा क्रमांक मिळविला. स्त्रियांनी ते अंतर धावू नये असा तेव्हा समज होता. वाटेत एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरील क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला, परंतु ती शेवटपर्यंत धावली. स्त्रियांना तेथे रीतसर प्रवेश १९७२ साली मिळाला. तिने आद्याक्षरे वापरली खरी, पण नाव तिचेच होते आणि पायही तिचेच होते. उलट त्याच शर्यतीत १९८० साली रोझी रुईझ ही स्त्रियांत पहिली आली असे जाहीर झाले; मागाहून कळले की बहुतेक मार्ग ती धावलीच नव्हती. तिचे पद काढून घेऊन कॅनडाच्या जॅकलीन गारो हिला देण्यात आले. रुईझचे नाव खरे होते, धाव खोटी होती. माझी धाव खरी होती, नाव खोटे होते. दोहोंपैकी एक खरे असून भागत नाही, हे मला स्वतःच्या अनुभवाने कळले.

"कोणाचे काय बिघडते?" या प्रश्नाचे उत्तरही आता देता येते. त्या प्रमाणपत्रावर ज्या शर्यतीत त्यांना जागा मिळाली असती, तेथे जागा मोजक्याच. ती जागा कोणा प्रामाणिक माणसाची गेली असती. स्वयंसेवकाने चुकीचा रक्तगट वाचला असता. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या लोकांनी जी शाबासकी मनापासून दिली, ती चुकीच्या पत्त्यावर गेली. आणि ज्यांच्यासाठी हे केले त्यांनाही, आपण न केलेल्या गोष्टीचे अभिनंदन हसतमुखाने स्वीकारण्याची सवय मी लावली.

मी त्या गृहस्थांना माझा विचार कळविला आणि संयोजकांना पत्र लिहून घडलेले सर्व सांगितले. ती नोंद रद्द झाली. दोन वर्षे त्या शर्यतीत मला प्रवेश नाही. शिक्षा योग्यच आहे. ते गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत. खर्चाची रक्कम मी हप्त्याने परत करीत आहे. त्यांच्या रागाविषयी माझी तक्रार नाही, कारण होकार देताना मी त्यांना अडविले नव्हते. उपदेश मागाहून केला.

त्यानंतर आमच्या वडोदऱ्यातील शर्यतीत मी स्वतःच्या नावाने धावलो. क्रमांकामागे रक्तगट माझा होता आणि फोन वडिलांचा. दोन तास तीन मिनिटे लागली. ध्येय चुकले. शेवटच्या वळणावर एका अनोळखी आजींनी छातीवरचे नाव वाचून मला हाक मारली, तेव्हा मी मान वर करून त्यांना हात केला.

घरी आल्यावर वडिलांनी वेळ विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे संकल्प अजून पुरा व्हावयाचा आहे." मी होय म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे धावावयास बाहेर पडलो.