एका खोलीत दोघे



दादर येथे हिंदू कॉलनीत राजगृह नावाचे डॉ. भीमराव आंबेडकरांचे घर आहे. आपल्या मंडळ्यांतील मुले शिक्षणाकरिता मुंबईस जातात व वसतिगृहात परक्या मुलाशेजारी अंथरूण घालतात, म्हणून त्या घरधन्याची गोष्ट आम्ही सांगतो.

1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनच्या शिक्षणास भथेनांनी त्यांस कर्जही दिले. परंतु 1917 साली बडोद्यास नोकरीवर असता, पारशांच्याच पथिकाश्रमातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांस घालविले. एका हिंदू मित्राने आसरा दिला नाही. तेव्हा ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. येथे आमची मान खाली जाते. तो म्हणाला, पत्नी उद्या येईल, तिला विचारतो. उभयता मूळचे ब्राह्मण. पतीचे मन बदलले होते, पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, असे डॉक्टरांनीच लिहिले आहे. रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

रोम येथील मंडळीतही तंटा खाण्यापिण्याचाच होता. पौलाच्या त्या पत्राचे 14 व 15 हे अध्याय घरी वाचावे. खोलीतील सोबती मांस न खाणारा असेल, तर आपल्या मुलाने सुकी मासळी तेथे सोडू नये. आणि उपदेशक बंधूंनो, मुलगा सुटीत आला म्हणजे गुणांआधी सोबत्याचे नाव विचारा. त्यालाही घेऊन ये म्हणा. तो आला, तर त्याची जात न विचारता त्याचे ताट आपल्याच पंगतीत मांडा.