रिकामा रथ

तिरुवल्लिकेणीच्या पार्थसारथी मंदिरातला कृष्ण मिशाळ आहे. विटेवर उभ्या असलेल्या विठोबाची सवय झालेल्या मराठी माणसाला तो पहिल्यांदा जरा परकाच वाटतो. हातात शंख आहे, चक्र नाही. युद्धात शस्त्र धरणार नाही असा शब्द दिलेला. उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर व्रण आहेत. भीष्माच्या बाणांचे, असं इथले लोक सांगतात. सारथ्याने लढायचं नसतं, पण बाण काही त्याला चुकवून जात नाहीत.

या देवळात आलो की मला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आठवतात. सुखोई-७ हे एका माणसाचं लढाऊ विमान. रथी तोच, सारथीही तोच. १९७१च्या डिसेंबरात, युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, शोरकोट रोडच्या हवाई तळावर हल्ला करताना त्यांचं विमान पडलं. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली. त्यात एक नाव ‘टॉम्बे’ असं होतं. पत्नी दमयंती बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून त्या वाट पाहत राहिल्या.

त्याच आठवड्यात दिलीप परुळकरांचं सुखोईही पडलं. ते पकडले गेले, १९७२च्या ऑगस्टमध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला पुन्हा सापडले आणि त्याच वर्षअखेरीस घरी आले. विमान तेच, युद्ध तेच. परुळकरांची गोष्ट आपण चवीने सांगतो, तिच्यावर चित्रपटही निघाला. तांब्यांची गोष्ट सांगायची कशी, तिला शेवटच नाही.

रामाला सोडून सुमंत रिकामा रथ घेऊन अयोध्येला परतला. दशरथाला ते ऐकवणं किती कठीण गेलं असेल! पण तो परतला, आणि त्याने सांगितलं. युद्धावर पाठवणाऱ्याने निदान एवढं तरी देणं लागतं, असं मला वाटतं. एकट्याच्या विमानात सुमंत नसतो. म्हणून ते काम पाठवणाऱ्या राज्यावर येतं.

कायद्याची रीत वेगळी. ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायचा भार तसं म्हणणाऱ्यावर पडतो. पेन्शन, वारसा, पुनर्विवाह यांसाठी ही सोय हवीच, तिला मी नावं ठेवत नाही. मात्र खातं बंद करणं म्हणजे खबर देणं नव्हे. ‘आता पुढे जा’ असा सल्ला देणारे आप्त या दोहोंची गल्लत करतात, बहुतेक मायेपोटीच.

भारताच्या ताब्यात तेव्हा सुमारे ९३ हजार युद्धकैदी होते. ते परत गेले. आपले ५४ जण बेपत्ताच राहिले, आणि आपल्याकडे असं कुणी नाही, हेच पाकिस्तान सांगत आलं. चोपन्नांसाठी ९३ हजारांना अडकवून ठेवायला हवं होतं का? मला नाही वाटत. त्यांच्याही घरी कुणी वाट पाहत होतंच. पण अडकवणं वेगळं आणि सही करण्याआधी एकेका नावाचा जाब मागणं वेगळं. तो हवा तसा मागितला गेला नाही, हे नातेवाइकांचं गाऱ्हाणं आहे, आणि त्याला नीट उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

जून २००७मध्ये चौदा नातेवाईक स्वतःच पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन आले. दमयंतीताई त्यांत होत्या. पस्तीसहून अधिक वर्षं उलटली होती. तिथे गेलेल्या कुणाला आपलं माणूस पाहून ओळखता आलं असतं की नाही, कोण जाणे. काही हाती न लागता सगळे वाघ्यावरून परतले.