जीवांचा एकांत

पहाटे डोंगरातील गुहेच्या मुखाशी जमून परतणारी वटवाघळे पाहावीत काय, असा प्रश्न पनवेलकडील उपदेशी मंडळींनी विचारला. मारावयाचे नाही, केवळ पाहावयाचे. मग हिंसा कोठे?

वटवाघूळ अशुभ, ही समजूत आपल्या मार्गास मान्य नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणारी वटवाघळे उपद्रवी गणली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूची गेली. कायद्याचे मत पालटते, जीवाचे जीवत्व पालटत नाही. शरण आलेल्या सशास रक्षिताना सर्वज्ञांनी त्याचा उपयोग विचारला नाही.

परंतु वटवाघळाच्या मादीस बहुधा एका वेळी एकच पिलू होते. ते तिच्या अंगास बिलगून असते. उजेडाने, गलबल्याने थवा दचकला तर पिलू खाली पडून मरू शकते. हात न लावताही हिंसा घडते, ती अशी.

अटन, विजन, भिक्षा, स्मरण हा आपला आचार. विजनस्थाच्या एकांतात आपण शिरत नाही. ते जीव साधक नव्हेत. पण निवाऱ्याची गरज त्यांसही आहे. म्हणून पाहावे ते दुरून, मौनाने, दिव्यावाचून. तेवढा संयम नसेल, तर ती पहाट नामस्मरणास द्यावी.

दंडवत प्रणाम.